फुलावर आलेली कोथिंबीर

आपाशी मी पहिल्यांदा बोलले ते चुकून.

फिंतासच्या त्या घरात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. एकच अंगण, त्याच्या दोन बाजूंना दोन बिऱ्हाडं आणि मधे एक बोरीचं झाड. समुद्र जवळच होता. दुपारी सगळं निजलं की लाटांचा आवाज भिंतीतून आल्यासारखा वाटायचा आणि मला क्षणभर कळायचं नाही की मी आपल्या खाडीकाठच्या घरात आहे की इथे. कुवेतला येऊन वर्ष होत आलं होतं. यांच्याशिवाय कोणाशी मी बोलत नव्हते. मुळातच मला चार माणसांत तोंड उघडायचा धीर नाही, आणि तिथे तर भाषाही येत नव्हती.

एका सकाळी मी पिंपापाशी तवा घासत बसले होते. मान वर केली तर पलीकडच्या दारात एक बाई उभी. उंच, काळीसावळी, कुरळ्या केसांवर पिवळा रुमाल बांधलेला. आमच्याकडे मुरुड-जंजिऱ्याला अशी माणसं आहेत, सिद्दी म्हणतात त्यांना. माझ्या मावशीच्या शेजारीच त्यांचं एक घर होतं, लहानपणी मी त्यांच्या ओटीवर खेळलेली. मला वाटलं, ही तर आपल्याकडची. सगळा लाजाळूपणा विसरून मी उठले, सलाम केला आणि आपल्या बोलीत विचारलं, "आपा, तुम्ही मुरुडच्या का?"

ती बघत राहिली, मग हसली आणि इंग्रजीत काहीतरी बोलली. मला एक अक्षर कळलं नाही. आता पळावं कुठे असं झालं. तेवढ्यात तिने माझ्या हातातल्या तव्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "तवा."

तो शब्द तिच्या तोंडात जरा लांबट झाला होता, पण होता तवाच. मी तिथेच उभी राहिले.

पुढे हळूहळू कळलं की ती त्रिनिदाद नावाच्या बेटावरची. ते पार जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या खाली कॅरिबियन समुद्रात आहे. तिचे पूर्वज आफ्रिकेतून नेलेले. पण तिच्या गावात निम्मी वस्ती हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांवर नेलेल्या लोकांची होती. त्यांच्या दाराशी खेळून ती मोठी झाली, म्हणून तवा, कढई, जिरं, भाजी हे शब्द तिच्याकडे होते. तिचा नवरा तेल कंपनीत नळांना डाग द्यायचं काम करायचा. हे शहरात बोटींच्या सामानाच्या दुकानात होते, दोरखंड, रंग, खिळे असलं. दोघे पुरुष सकाळी गेले की अंगण आमचं. ती मला "नेबर" म्हणायची, मी तिला आपाच म्हणत राहिले. मी मुरुड विचारलं ते यांना कळलं तेव्हा यांनी महिनाभर चिडवलं. संध्याकाळी दारात पाऊल टाकता टाकता विचारायचे, "काय म्हणतात जंजिऱ्याच्या पाहुण्या?"

आम्ही कशा बोलायचो ते आता सांगता येत नाही. थोडी हिंदी, थोडं इंग्रजी, आणि बाकीचं हातांनी. पण मला आठवतं ते असं की आम्ही दिवसभर बोलत होतो आणि काही अडत नव्हतं. स्वप्नात कसं आपण कोणत्या भाषेत बोललो ते आठवत नाही, पण बोललेलं आठवतं, तसं.

तिच्या दाराशी, गोड्या पाण्याच्या पिंपाच्या सावलीत, तुपाच्या एका रिकाम्या डब्यात एक रोप होतं. तिने आईच्या परसातलं बी काडेपेटीत घालून आणलं होतं. किती वेळा पेरलं, एकच उगवलं. पानं लांबट, कडेला करवतीसारखे दात, आणि सगळी जमिनीलगत फुलासारखी पसरलेली. तिच्या गावचे हिंदुस्थानी लोक त्याला बनधनिया म्हणायचे. मी पान चुरगळून हुंगलं तर वास कोथिंबिरीचाच, पण उग्र, जंगली, जणू दहा जुड्या एका पानात कोंबल्या आहेत. रानकोथिंबीर, असं मी मनात म्हटलं.

त्याच हिवाळ्यात एके दिवशी तिने त्यातली दोन पानं काढली आणि मला समोर बसवून त्यांच्याकडचं हिरवं वाटण करून दाखवलं. त्यांच्याकडे कुठलंही मांस-मच्छी त्याच्याशिवाय चुलीवर चढत नाही. पातीचा कांदा, भरपूर लसूण, हिरवी मिरची, अजमोद्याच्या, म्हणजे सेलरीच्या, काड्या. तिथे बगदूनस म्हणतात ती पार्सली शेतावरून आणलेली. थाईम नावाचा त्यांचा एक पाला असतो, तो ओला मिळत नव्हता म्हणून वाळलेला जातर, जो तिथले लोक पोळीवर घालून खातात. लाकडाच्या फळीवर ठेवून ती सुरीने बारीक, बारीक, आणखी बारीक चिरत होती. चिरताना अंगणभर वास पसरला. मला माझा पाटा आठवला. अम्माने दिलेला पाटा मी ट्रंकेत घालून आणला होता. मुंबईच्या धक्क्यावर हमालाने विचारलं, आत दगड भरलेत का, तर हे म्हणाले होते, "हो."

मी पाटा ओढून बाहेर आणला. तिला तो फार आवडला, पण मी नेहमीसारखं गंधासारखं वाटायला लागले तर तिने माझं मनगट धरलं. पान दिसलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. दोन हात फिरव आणि थांब. थांबणं मला फार जड गेलं. वाटता वाटता मधेच थांबायचं म्हणजे वाक्य अर्धं सोडल्यासारखं.

"आणि खोबरं?" मी विचारलं.

"खोबरं नाही."

"अजिबात नाही?"

"नेबर," ती म्हणाली, "खोबरं दुसऱ्या भांड्यात. सगळं एका भांड्यात घालायला आपण काय मरायला टेकलोय?"

फोडणीही नाही. कच्चंच, मीठ आणि व्हिनेगर घालून बाटलीत भरायचं. मासा लिंबाने धुऊन त्याला ते चोळायचं, आणि मग नुसतं बसायचं. ते मुरेपर्यंत आम्ही बोरीखाली बसलो. ती काहीतरी गुणगुणत होती. भिंतीवरून समुद्राकडचं ऊन येत होतं आणि मला वाटलं, ही दुपार कोणीतरी मुरायला ठेवली आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला दिवस गेले.

सुरुवातीला सगळ्यांनाच उलट्या होतात. पण तिच्या थांबेचनात. भात नाही, पोळी नाही, मासा तर समोरही नको. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बाटल्या लावल्या, पाठवून दिलं, पुन्हा बोलावलं. गालांची हाडं वर आली. पिवळा रुमाल डोक्याला सैल झाला. एका संध्याकाळी तिचा नवरा अंगणात येऊन यांच्याशी बोलत उभा राहिला. बोलणं झाल्यावर यांनी आत येऊन मला सांगितलं, की तो तिला घरी तिच्या आईकडे पाठवायचा विचार करतो आहे. उन्हाळा लागण्याआधी. पोट मोठं झालं की बोटीवर घेत नाहीत, आणि एवढा लांबचा प्रवास, म्हणजे काय ते या महिन्यातच ठरवायला हवं. बाळंत होऊन ती परत येईल का, हे मी विचारलं. हे सदऱ्याचं बटण काढत राहिले.

मी चुलीपाशी गेले आणि उगीचच भांडी पुन्हा मांडली. ती गेली की मी पुन्हा मुकी होणार, एवढं मला लख्ख कळलं होतं. सकाळ झाली की हे जातील, आणि अंगणात बोर आणि मी.

दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, काय खावंसं वाटतं. तिने डब्यातल्या रोपाकडे हात केला. ते वाटण लावलेला मासा, आईच्या हातचा, तेवढा पोटात राहील असं वाटतं. पण रोप अजून लहान, पानं काढली तर मरेल. जरा वाढू दे, म्हणाली. मग आम्ही दोघी रोज सकाळी त्या डब्याशी उकिडव्या बसायचो. मधून दांडा वर यायला लागला की ती तो नखाने खुडायची, नाहीतर ते फुलावर जातं आणि पानं कडक होतात.

आणि ते वाढायच्या ऐवजी करपायला लागलं. आधी दात तपकिरी झाले, मग कडा, मग अर्धं पान. सावली होती, पाणी आम्ही गोडंच घालत होतो, तेही आमच्या पिण्यातलं वाचवून. तिथे गोडं पाणी टँकरने यायचं आणि विहिरीचं मचूळ, खारट पाणी धुण्याभांड्याला वापरायचं. दोन पिंपं वेगळी, आणि त्यांत चूक व्हायची नाही. एका शुक्रवारी सकाळी ती डब्यापाशी गेली, बोट मातीत खुपसलं आणि चाटलं. पुन्हा चाटलं. मग मला बोलावून माझ्या जिभेवर कण ठेवला.

माती खारट होती.

हे तेव्हा मागच्या बाजूला पापलेट साफ करत होते. दर शुक्रवारी मासे हेच साफ करायचे, त्यात मला हात लावू देत नसत. साफ करून झाले, मासे धुतलेलं पाणी, धुणवल, घेऊन आले आणि आमच्या डोळ्यांदेखत, अगदी मायेने, त्या डब्यात ओतलं. आमच्याकडे माशाचं धुणवल कोणी फेकून देत नाही. माडाला, कढीपत्त्याला, अळवाला घालतात, त्याने झाड तरारतं. आपाचं रोप लवकर वाढावं म्हणून हे कोणाला न सांगता दर शुक्रवारी घालत होते. फक्त आमच्याकडे मासे विहिरीच्या गोड्या पाण्याने धुतात, आणि इथे खाऱ्या.

मी सांगितल्यावर यांचा चेहरा असा झाला की आपालाच हसू आलं. हे रिकामं भांडं हातात धरून उभेच. ती मला म्हणाली, याला सांग, माझ्या आईनेही घातलं असतं. मी यांना तसं सांगितलं. तरी हे त्या दिवशी जेवले नाहीत नीट.

शिल्लक पानांचे हिरवे तुकडे कापून आम्ही वाटण केलंच. त्यात नावालाही वास उतरला नाही. तिने एक घास खाल्ला, नम्रपणे चावला, आणि बाहेर गेली. परत आल्यावर म्हणाली की वाईट नाही, पण हे दुसऱ्या कोणाच्या तरी स्वयंपाकघरातलं आहे. त्या रात्री त्यांच्या खोलीतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. यांनाही ऐकू आला. आम्ही दोघे दोन कुशींवर वळलो.

माझ्या बोटांना मात्र त्या पानांचा वास दोन दिवस होता. हात धुतले तरी नखांत राहिला. मी तो पुन्हा पुन्हा हुंगायची. नुसती कोथिंबीर नाही, तिच्यात काहीतरी तिखट, किड्यासारखं, लिंबाच्या पाल्यासारखं. हा वास मी कुठेतरी घेतला आहे असं सारखं वाटायचं, आणि आठवायला गेलं की निसटायचा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हे मला समुद्रावर घेऊन चालले होते. फिंतासला तेव्हा खजुरीखाली शेतं होती, मातीच्या बुटक्या भिंती घातलेली. वारा शेतांवरून आला आणि मी थांबले. हे पुढे निघून गेले, मग मागे वळून बघायला लागले. वास तिथेच होता. भिंतीपलीकडे कोथिंबिरीचा एक वाफा हातातून सुटला होता. कंबरेइतका उंच, पांढऱ्या फुलांनी झुलणारा, आणि फुलांखाली हिरवे, ओले धणे. आमच्याकडे परसातली कोथिंबीर अशी फुलावर गेली की अम्मा वैतागून उपटायची आणि मी ते हिरवे धणे दातांखाली फोडत बसायची. तोच वास. जीभ चुरचुरायची.

उद्या आणू, हे म्हणाले. पण उद्या हे कामावर जाणार आणि येईपर्यंत अंधार पडणार. शिवाय वाफ्याच्या एका टोकाला शेळ्या बांधलेल्या मी पाहिल्या होत्या.

सकाळी मी एकटी गेले. भिंतीपाशी पोचेपर्यंत दोनदा परत फिरले होते. आत एक म्हातारी बसली होती, तोंडावर काळा बुरखा, पुढे जुड्यांचा ढीग. मला येत होता तो एकच शब्द मी म्हटला, "कुजबरा." तिने कोथिंबिरीची कोवळी जुडी पुढे केली. मी मान हलवली आणि फुलावर आलेल्या वाफ्याकडे बोट केलं. ती हसली. शेळ्यांकडे हात करून काहीतरी म्हणाली, म्हणजे ते शेळ्यांसाठी आहे. मी तिथेच उभी. शब्द नव्हते, म्हणून मी पोटावर हात ठेवला, मग तोंडावर, आणि उलटीचं सोंग केलं.

म्हातारी लगेच उठली. माझ्या गालावरून हात फिरवला, अल्लाचं नाव घेऊन दुआ दिली आणि विळ्याने कापून कापून माझी ओढणी भरली. तिला वाटलं, दिवस मलाच गेलेत. नाही म्हणायला मला अरबी येत नव्हतं. त्यानंतर मी कधीही गेले की ती आधी माझ्या पोटाकडे बघायची. पुढे दोन वर्षांनी मला खरोखर दिवस गेले तेव्हा तिला अजिबात नवल वाटलं नाही. उशीर फार झाला, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं.

घरी आल्यावर मी आपाला आधी काही सांगितलं नाही. तिच्या दाराशी ट्रंक उघडी होती, ती आत निजली होती. मी बोरीखाली पाटा मांडला. हिरवे धणे, त्यांची फुलं, कातरलेली पानं आणि मुळंसुद्धा खरवडून घेतली. पातीचा कांदा, लसूण, मिरची, जातर. सगळं तिच्यासारखं फळीवर चिरलं, मग पाट्यावर घेतलं. दोन हात फिरवले आणि थांबले. पान दिसत होतं. धणे नुसते फुटले होते, त्यांचं पाणी दगडावरून ओघळत होतं.

तिच्या दाराचा पडदा हलला. ती तिथे उभी होती, डोळे पुरते उघडलेले नव्हते, भिंतीला हात धरून. ती जागी झाली होती की नाही कोण जाणे. वासावर चालत आल्यासारखी आली आणि पाट्याशी खाली बसली. बोटाने घेऊन चाखलं. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळून वरवंटा धुवायला लागले.

"ते नाही हे," ती म्हणाली. "पण त्याची बहीण आहे."

आदल्या संध्याकाळी यांनी समुद्रावरून आणून साफ केलेलं, मीठ लावलेलं पापलेट होतंच. चोळून ठेवलं. ते मुरेपर्यंत आम्ही बसलो, आणि मी तिला म्हातारीचं आणि शेळ्यांचं सांगितलं. बोरीची सावली तिच्या पायांवरून माझ्या पायांवर आली. मग तव्यावर मासा टाकला. तिने कोपऱ्यातला तुकडा खाल्ला. थांबली. पोटावर हात ठेवून वाट पाहत बसली, कोणी दार उघडतंय का बघावं तशी. मग अर्धा मासा खाल्ला, काटे चोखले, आणि भिंतीला टेकून तिथेच झोपी गेली. मी तिच्या तोंडावरच्या माश्या वारत बसले. ट्रंक तशीच उघडी होती. आत घडी केलेला पिवळा रुमाल दिसत होता.

रात्री त्यांच्या खोलीत बराच वेळ बोलणं चाललं होतं. मला काही कळलं नाही, आणि मी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

सकाळी किणकिण ऐकू आली. आपा अंगणातून चालत येत होती, डोक्याला तो पिवळा रुमाल, आणि ओटीत जॅमच्या, लोणच्याच्या, औषधाच्या, मिळतील तेवढ्या रिकाम्या बाटल्या. त्या तिने माझ्यापुढे ओतल्या.

"नेबर," ती म्हणाली, "उन्हाळाभर पुरायला हव्यात. तुझ्या त्या म्हातारीला सांग, शेळ्यांना दुसरं काहीतरी घाल."

मी मान खाली घालून बाटल्या मोजायचं नाटक करत राहिले.

त्या आठवड्यात आम्ही पूर्ण वाफा संपवला. माझा पाटा हिरवा झाला, तो कितीही धुतला तरी नंतर माझ्या लाल वाटणाला त्याचा वास यायचा. हे मुकाट्याने लसूण सोलून द्यायचे. तिच्या नवऱ्याने कुठून तरी एक जुना फ्रीज मिळवला आणि बाटल्या त्यात ओळीने लावल्या. ट्रंक पलंगाखाली गेली.

मग उन्हाळा आला. शेतं पिवळी पडली, हिरवं काही दिसेनासं झालं, दुपारी धुळीने आकाश विटकरी व्हायचं. अशा दुपारी आम्ही दोघी तिच्या खोलीत फ्रीजसमोर फरशीवर बसायचो. ती दार उघडायची. आतला दिवा बाटल्यांतून यायचा आणि तिच्या मोठ्या झालेल्या पोटावर हिरवा उजेड पडायचा. थंड, तिखट, ओल्या पानांचा वास बाहेर यायचा. दार उघडं ठेवलं तर बर्फ वितळेल, मी म्हणायची. ती म्हणायची, अजून थोडं. आम्ही डोळे मिटून बसायचो, तिचं परस कुठे आणि माझं परस कुठे, आणि शेवटच्या बाटलीत अजून अर्धं शिल्लक होतं तेव्हा तिला मुलगी झाली.